चाळीस अंकांची काच

"हात हललाच नाही, तर पाप लागेल कसं?"

बुवांनी मान वर केली नाही. ते गोधडीला ठिगळ लावत होते.

"सांगा ना, बुवा. माझा हात हलला नाही. दोर धरला होता त्या दोघांचा हलला नाही. कुणी कुणाला ढकललं नाही. सगळे जागच्या जागी उभे होते. मग पाप केलं कुणी?"

"ही सुई ओवून दे जरा," बुवा म्हणाले. "मला नेढं दिसेनासं झालंय."

वामनने सुई घेतली. दोनदा दोरा चुकला. तिसऱ्यांदा गेला, आणि एवढ्याशा गोष्टीनंही त्याच्या तोंडावर समाधान उमटलं.

तसा माणूसच होता तो.

वामन खासनीस म्हणजे आमच्या संस्थानचा फोटोग्राफर. वय पस्तिशीचं. पायात पंपशू, खिशात साखळीचं घड्याळ. सोळा वर्षांचा होता तेव्हापासून टेकडीवरच्या या मठात दयाळगिरीबुवांकडे येत असे. ध्यानाला बसायचं त्यांच्याकडूनच शिकला. चार-चार तास बसतो, पापणी लवत नाही, असं तो स्वतःच सांगत असे. मला तो कधीच फारसा आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला तेवढी सूट द्याल.

मी तेव्हा मठातल्या जुन्या पोथ्यांच्या नकला करून देत असे. ओसरीच्या कोपऱ्यात माझं बैठं मेज आणि दौत. त्या दुपारी ओसरीवर आम्ही तिघंच होतो.

प्लेग ओसरून तीनेक वर्षं झाली होती. चैत्र होता. गाव पाण्यावाचून कासावीस झालेलं.

"सगळं पहिल्यापासून सांग," बुवा म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक आहेच की."

"तू सांग."

वामनने घसा खाकरला.

"सरकारांनी फ्रान्सातून रंगीत फोटोच्या काचा मागवल्या. आपल्या मुलखात पहिल्याच. रयतेचा रोजचा दिवस टिपायचा, असा हुकूम. तेली, कुंभार, कासार, आठवड्याचा बाजार... चोवीस काचा. पुढच्या महिन्यात मुंबईच्या प्रदर्शनात लागणार आहेत. असं काम इकडे कुणीच केलेलं नाही, बुवा. आपण सगळे मरून जाऊ, आणि शंभर वर्षांनी कुणाला पाहायचं असेल की लोक कोणत्या रंगाची पागोटी बांधत, तर त्याला माझ्या काचेपाशी यावं लागेल."

"रंग येतो कसा?"

हा प्रश्न त्याला आवडला. तो सरसावून बसला.

"बटाट्याचं पीठ असतं. त्याचे बारीक कण तीन रंगांत रंगवायचे, काचेवर पसरायचे. प्रकाश त्यातून गाळून आत जातो."

"बटाट्याचं?"

"हो."

"उपासाला चालेल मग," बुवा म्हणाले.

मला हसू आलं. वामनला नाही आलं.

"विहिरीचं सांग."

"वेशीबाहेरची जुनी विहीर. गाळ काढायचं काम चाललं होतं. दौलती खाली होता. वर रहाटापाशी त्याचा थोरला भाऊ सुभाना, आणि दौलतीची बायको. दोघांनी दोर धरलेला."

"ठकू," बुवा म्हणाले.

"नाव मला ठाऊक नाही. हिरवं लुगडं होतं."

"गाळ काढताना हिरवं लुगडं नेसली होती?"



"अंगावर होतं त्याला रंगच उरला नव्हता. मातकट. मी म्हटलं, काही चांगलं असेल तर नेसून ये. ती घरी जाऊन आली."

"रोजचा दिवस," बुवा म्हणाले.

वामनने घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळली.

"मग?"

"दौलतीची पाळी संपली होती. तो वर येणार होता, दोर कमरेला बांधून तयार होता. मी म्हटलं... जरा खाली राहू दे. दोर ताणलेला हवा. सैल दोर धरून उभं राहिलं की खोटं दिसतं. मला खोटं काही काढायचं नव्हतं, बुवा. दोराच्या टोकाला माणूस असला की धरणाऱ्याच्या दंडात तसं येतं. ते सोंगानं येत नाही."

बुवा टाके घालत होते. एक... दुसरा...

"झाडाची सावली होती, आणि या काचांना उजेड लागतो फार. साध्या फोटोला निमिष पुरतं. हिला चाळीस अंक. मी सगळ्यांना सांगितलं, मी चाळीस मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही. काही झालं तरी नाही. हललात तर सरकारांची काच वाया जाईल."

"सरकारांची म्हणालास?"

"म्हणालो. तसं म्हटल्याशिवाय ही माणसं ऐकत नाहीत."

"ऐकलं त्यांनी."

"हो... ऐकलं."

पुढचं गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. चाळीस अंक झाले, दोर ओढला, तर वर आलं ते दौलतीचं प्रेत. सकाळी विहिरीत दिवा सोडून पाहिला होता, तो विझला नव्हता. पण दिवसभर गाळ ढवळला की तळातून घाण वारं सुटतं. माणसाला आधी घेरी येते, मग तो गाळात तोंड घालून पडतो. फार वेळ लागत नाही.

गाळकऱ्यांची एक रीत आहे. विहीर बारा पुरुष खोल असली की ओरडलेलं वर कळत नाही. म्हणून खालचा माणूस दोराला हिसके देतो. एक हिसका म्हणजे पाटी ओढा. तीन हिसके म्हणजे मला ओढा. बाप मुलाला पहिलं हेच शिकवतो.

सुभाना म्हणत होता, हिसका आलाच नाही.

ठकू म्हणत होती, तीन आले.

सुभाना एवढ्यावर थांबला नव्हता. ही नटून उभी होती, हिचं चित्त फोटोत होतं, हिनं दोर ढिला सोडला म्हणून भाऊ पडला, असं तो दारोदार सांगत सुटला. नवरा खाऊन बसलेली बाई, हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. त्या दिवशी ऊन कलल्यावर चिंचेखाली त्यांची जात बसायची होती. पंचांनी सुभानाचं खरं मानलं असतं, तर ठकू जातीबाहेर. घर नाही, माणूस नाही, कुणाच्या पाणवठ्यावर उभं राहायची सोय नाही.

"पंचांपुढे तू काय सांगणार?" बुवांनी विचारलं.

"मला बोलावलेलं नाही."

"बोलावलं तर?"

"त्यांच्या जातीचा मामला आहे. मी मधे पडणं बरं दिसणार नाही. दोन्ही बाजूंनी चिखल उडतो आहे, अशा वेळी माणसानं शांत राहावं. तुम्हीच शिकवलंत ना, बुवा? गढूळ पाणी हात न लावता ठेवलं की आपोआप निवळतं."

बुवांनी सुई गोधडीत टोचून ठेवली.

"काच आणलीस?"

वामनने पिशवीतून मखमलीत गुंडाळलेली चौकट काढली. वीतभर काच. हातात धरली तर नुसती काळपट. बुवा उठले, ओसरीच्या कडेला गेले, काच आभाळासमोर धरली.



मग त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा माझ्या तोंडून 'वा!' असंच निघालं. आजवर फोटोत मी राखाडी माणसं पाहिली होती. जिवंत असोत की गेलेली, सगळी एकाच रंगाची. आणि इथे सुभानाचं पागोटं तांबडं होतं. रहाटाचं लाकूड तेल प्यायल्यासारखं. वडाची कोवळी पालवी. आणि ते हिरवं लुगडं... तो हिरवा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही. तिच्या हातात बांगड्या होत्या. कपाळावर कुंकू होतं, चांगलं चिंचोक्याएवढं, ताजं.

मी त्या बाईला ओळखलं नाही.

पंधरा दिवस मी तिच्या हातची भाकरी खात होतो. सुभानानं घराबाहेर काढल्यावर बुवांनी तिला मठाच्या स्वयंपाकघरात ठेवून घेतलं होतं. तरी ओळखलं नाही. मोकळं कपाळ पाहायची माझ्या डोळ्यांना सवय होऊन गेली होती.

ती आत आहे, हे वामनला ठाऊक नव्हतं. माझ्या मनात आलं, सांगावं. पण बुवांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही गप्प राहिलो.

"सगळं लख्ख आलंय," बुवा म्हणाले.

"माझ्या चोविसांतली ही सगळ्यांत उत्तम," वामन म्हणाला. "सरकारांनी स्वतः सांगितलंय, प्रदर्शनात हीच पहिली लावायची."

"हे काय आहे?"

बुवांचं बोट दोरावर होतं. बाकी सगळ्याची रेघ न् रेघ दिसत होती. रहाटाच्या लाकडावरची भेग दिसत होती. दोर तेवढा पुसट होता. दोन-तीन दोर एकमेकांवर ठेवावेत तसा.

"ते... तो दोष आहे काचेचा. इतका लहान दोष कुणाच्या ध्यानात येत नाही."

"आणि हे?"

आता बोट ठकूच्या तोंडावर होतं. कुंकू लख्ख, नाक लख्ख, ओठ लख्ख. डोळे मात्र आले नव्हते. डोळ्यांच्या जागी नुसता धुरकट पांढरा पट्टा.

"डोळे हलले तिचे," वामन पटकन म्हणाला. "बायकांचे हलतातच. तिथे बारीक कुंचल्यानं दोन ठिपके दिले की झालं. दरबारातल्या चित्रकाराला सांगून ठेवलंय मी."

बुवांनी काच मखमलीवर ठेवली. खाली बसले.

"सगळे जागच्या जागी उभे होते, म्हणालास."

"होतेच. बघा ना तुम्ही. सुभानाची मूठ बघा. केस मोजता येतील."

"हं..."

बुवांनी खांद्यावरचा पंचा काढला. त्याचं एक टोक वामनच्या हातात दिलं.

"धर."

वामनने धरलं.

"डोळे मीट. चाळीस मोज. चाळीस होईतो हलायचं नाही. काही झालं तरी नाही."

वामनच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम गेला. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याला काहीतरी येत असलेलं करायला मिळालं होतं. त्यानं मांडी घातली, पाठ ताठ केली, डोळे मिटले. खरंच सुरेख बसे तो. हेही कबूल केलं पाहिजे.

"एक... दोन... तीन..."

दुसरं टोक हातात घेऊन बुवा चार हात लांब जाऊन बसले. पंचा ताणला गेला.

"बारा... तेरा... चौदा..."

उन्हानं अंगण पांढरंफटक पडलं होतं. आत स्वयंपाकघरात जात्याची घरघर चालली होती.

"एकवीस... बावीस..."

बुवांनी पंचा ओढला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जोरात.

वामनचे खांदे पुढे झुकले, पुन्हा ताठ झाले. आवाज तसूभर कापला नाही.

"तेवीस... चोवीस... पंचवीस..."

बुवांच्या हातातून पंचा सुटला. ते पुढे वाकले, आणखी वाकले, आणि त्यांचं कपाळ फरशीवर टेकलं. मग एका कुशीवर कलंडले. डोळे अर्धवट मिटलेले. एक हात अंगाखाली दुमडून गेला होता.



बुवांचं वय सत्तरीच्या पुढचं. आदल्याच आठवड्यात त्यांना चक्कर आली होती. उठावं, धावावं, पाणी मारावं, सगळं मनात आलं. आणि त्याच वेळी आलं की, हा काहीतरी उपदेश चालला असेल, मधेच उठून आपण त्याचा विचका केला तर? लेखणी हातात धरून मी बसून राहिलो. शाईचा थेंब कागदावर पडला, तोसुद्धा टिपला नाही.

"अडतीस... एकोणचाळीस... चाळीस."

वामनने डोळे उघडले. तोंडावर हसू होतं, अगदी बारीकसं. 'बघा, हललो नाही' असं सांगणारं.

मग त्याला बुवा दिसले.

"बुवा!"

तो धडपडत गेला. बुवांचं डोकं मांडीवर घेतलं. मीही तेव्हाच उठलो. सगळं होऊन गेल्यावर.

बुवांनी डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिसके कळले?" त्यांनी विचारलं.

"कळले," वामन म्हणाला. तो धापा टाकत होता.

"किती?"

"तीन."

"मग उठला का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, काही झालं तरी हलू नकोस..."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंडात मारल्यासारखा तो गप्प झाला.

आत जातं थांबलं होतं.

बुवा सावकाश उठून बसले. दुमडलेला हात चोळू लागले. खरंच लागलं होतं त्यांना, मनगट सुजलं ते पुढे आठ दिवस.

"दोघं होतात इथे," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून नाही म्हणाले, पण मला कळलं.

वामनने पडलेला पंचा उचलून त्याची घडी घातली.

"सव्विसाव्या अंकाला दोर हलला," वामन म्हणाला.

बुवा ऐकत होते.

"मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. डोळ्यांनी पाहिलं. तीन हिसके. सुभानाला कळले, त्याच्या दंडाची शीर उडाली. पण तो समोर बघत राहिला. भ्यालेला होता. मी सरकारांचं नाव घेतलं होतं ना..."

"आणि ती?"

"तिनं माझ्याकडं पाहिलं. मान नाही हलवली. नुसते डोळे. विचारत होती, ओढू का म्हणून."

"तू काय केलंस?"

वामनने उजवा हात वर केला. पंजा उघडा. समोरच्याला अडवतात तसा.

"असा केला," तो म्हणाला. "थांब म्हणून."

बुवा त्या हाताकडे बघत राहिले.

"माझा हात हलला होता, बुवा. त्या सगळ्यांत माझाच एकट्याचा."

त्यानं तो हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"मनात म्हटलं, चौदाच अंक राहिलेत. चौदा अंकांनी काय होतंय..."

"चाळीस झाल्यावर धावलास?"

वामन रडायला लागला होता.

"आधी भिंगाला टोपण लावलं. काचेवर झाकण सरकवलं. मग धावलो. आणि त्याच संध्याकाळी, तिकडे ते दौलतीला घेऊन गेले तेव्हा, मी काच धुवायला बसलो. या काचा फार दिवस ठेवल्या तर रंग बिघडतात..."

माझा त्याच्यावरचा राग तोवर वाढतच चालला होता. या शब्दांनी तो कळसाला जायला हवा होता. पण माझ्या कागदावरचा तो शाईचा डाग मला दिसत होता, आणि रागावता येईना.

"तुम्ही मला स्थिर राहायला शिकवलंत," वामन हुंदक्यातून म्हणाला. त्यात तक्रार होती की नव्हती, देव जाणे.

"शिकवलं," बुवा म्हणाले. "एवढंच शिकून निघालास, आणि मी जाऊ दिलं. तो दोष माझ्याकडं."

वामनने उपरण्यानं तोंड पुसलं. काही वेळानं त्याचा श्वास जागेवर आला. पाठ हळूहळू ताठ झाली. मी पाहत होतो, माणूस पुन्हा उभा राहत होता.

"मी पंचांपुढे जातो," तो म्हणाला. "काच दाखवतो. दोर दाखवतो. ती खरं बोलते आहे, तीन हिसके आले होते, तिला मी अडवलं, सगळं सांगतो. सरकारांची मर्जी गेली तर जावो. काच प्रदर्शनात जाणार नाही."

बोललेला शब्द त्यानं पाळला, हे इथेच नोंदवून ठेवतो. त्या दिवशी चिंचेखाली तो उभ्या जातीसमोर बोलला. सुभानानं जमिनीवर कपाळ आपटून घेतलं. ठकूवरचा बोल गेला. वामनची चाकरी गेली, कॅमेरा सरकारजमा झाला. लोक हे सगळं अजून सांगतात, आणि वामनची वाखाणणीही करतात. मी ज्याच्यासाठी हे लिहितो आहे, ते मात्र त्याआधी ओसरीवर घडलं, आणि ते आम्हा चौघांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

वामन काच मखमलीत गुंडाळू लागला.

"पंचांना वेळ आहे अजून," बुवा म्हणाले. आणि आत तोंड करून हाक मारली, "ठकू, बाहेर ये गं बाई."

वामनचा चेहरा पांढरा पडला.

ती दारात आली. हात पिठाचे. अंगावर मातकट लुगडं, तेच, ज्याला रंग उरला नव्हता. आतून तिनं किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

वामनने हात जोडले.

"बाई, चूक माझी आहे. माझ्यामुळे तुमच्यावर नाही नाही ते बालंट आलं. मी आज पंचांना..."

ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तिचं लक्ष त्याच्या मांडीवरच्या चौकटीवर होतं.

"ती काच हीच व्हय?"

बुवांनी मान हलवली.

तिनं पदराला हात पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. वामनने काच दिली. उजेडात कशी धरायची ते बुवांनी दाखवलं.

ती बघत राहिली.

"लुगडं बरं दिसतंय," ती म्हणाली. "लग्नातलं हाय."



मग ती काच अगदी डोळ्यांजवळ घेऊन बघू लागली. बोट काचेला न लावता, वरच्या वर, कपाळापाशी नेलं. तिथून हातातल्या बांगड्यांपाशी. तिथून दोरावर आलं. दोरावरून खाली, विहिरीच्या काठाशी, जिथे दोर काळ्या अंधारात शिरत होता, तिथे थांबलं.

"सायेब."

"हं..."

"म्या हितं हुबी हाय न्हवं कुक्कू लावून... तवा त्ये जित्तं हुतं का?"

वामनने मखमल हातात चुरगाळली.

"का म्या रांडमुंडच हुबी ऱ्हायली कुक्कू लावून?" ती म्हणाली. रागानं नाही. पाण्याला गेलेलं माणूस कधी येईल, असं विचारावं तसं विचारलं तिनं. "रातध्याड त्येच मनात येतंय. येवडं सांगा. दुसरं कायबी नगं मला."

वामनने बुवांकडे पाहिलं. असा पाहत होता की, मला त्या क्षणी त्याची दया आली. सोळाव्या वर्षापासून प्रत्येक अवघड प्रश्न त्यानं इथेच आणून टाकला होता.

बुवांनी गोधडीतून सुई काढून हातात घेतली.

"माझ्याकडे काय बघतोस?" ते म्हणाले. "सांग तिला. मोजत तू होतास."